फायबर बोटीचे ओरखडे आणि खड्डे : दुरुस्ती शिका, व्यवसाय उभा करा

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. जुने मामा तलाव आहेत, वैनगंगा आहे आणि पवनीजवळ गोसेखुर्दचा भला मोठा जलाशय आहे. मासेमारीसाठी इथे पूर्वापार लाकडी डोंगा चालत आला. आता त्याच्या जोडीला फायबरच्या बोटी आल्या आहेत. बोट आली की घासणं आलं, आपटणं आलं. पाण्याखालचा झाडाचा खुंट, घाटाचा दगड, काठावर ओढताना लागलेली मुरूम, काहीतरी लागतंच. मग दुरुस्ती कोण करणार? इथेच तुमची संधी आहे.

पण एक गोष्ट आधीच सांगतो. हे काम म्हणजे भोक बुजवणं नाही. त्या बोटीत माणसं बसणार आहेत. वरून चकाचक आणि आतून ओली राहिलेली दुरुस्ती भर पाण्यात सुटू शकते. म्हणून या धंद्यात पैसे मिळतात ते नीट तपासण्याचे आणि नीट वाळवण्याचे. रेझिन लावणं हा शेवटचा, सोपा भाग आहे.

१. आधी जखम ओळखा

फायबर बोटीला बाहेरून जेलकोटचा पातळ, रंगीत थर असतो. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या आत काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थर असतात. ओरखड्यावर नख फिरवा.

- नख अडकत नाही : ओरखडा वरवरचा आहे. रबिंग कंपाउंड आणि पॉलिशने काम होतं.
- नख अडकतं, पण धागे दिसत नाहीत : जेलकोट फाटला आहे. जेलकोट भरावा लागेल.
- धागे दिसतात : खड्डा खोल आहे. आत पाणी शिरलं असणार असंच धरून चला. इथे मॅट लावावीच लागेल.

मग जखमेच्या भोवती नाण्याने टकटक करा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. आवाज बद्द आला तर आतले थर सुटले आहेत. तेवढा सगळा भाग खरवडून काढावा लागतो.

२. धुवा, पुसा, वाळवा

साबणाने धुवा, मग अ‍ॅसिटोनने पुसा. घासण्याआधी पुसणं महत्त्वाचं आहे, नाहीतर मेण आणि तेल पॉलिश पेपरने आणखी आत जातं. नंतर बोट उलटी करून सावलीत, हवेशीर जागी काही दिवस ठेवा.

वाळली की नाही हे कसं कळणार? पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने त्या जागेवर चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून दमट दिसलं तर अजून थांबा. गिऱ्हाईक म्हणेल, "भाऊ, आजच करून द्या ना!" तिथे नाही म्हणायला शिका.

३. जेलकोट फाटला असेल तर

चिरेचं तोंड इंग्रजी व्ही अक्षरासारखं थोडं मोठं करा. 80 नंबरच्या पेपरने घासा, पुसा आणि मास्किंग टेप लावा. जेलकोट हार्डनर घालून भरा. वाळताना तो थोडा आकसतो, म्हणून किंचित फुगीर ठेवा. हवा लागली की जेलकोट वरून चिकट राहतो, म्हणून वर प्लास्टिकची फिल्म दाबून लावा. दुसऱ्या दिवशी वॉटर पेपर पाण्यात भिजवून 220, 400, 600 आणि 800 अशा क्रमाने घासा. शेवटी कंपाउंड मारा.

४. खड्डा खोल असेल तर

कडा ग्राइंडरने उतरत्या करा. हिशेब सोपा आहे. जाडीच्या 12 पट उतार द्यायचा. बोट 3 मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या प्रत्येक बाजूला 36 मिलिमीटर. खड्डा आरपार गेला असेल तर आतल्या बाजूने आधार द्या.

450 ग्रॅमच्या मॅटचा एक थर रेझिनसह साधारण 1 मिलिमीटर होतो. मोठा तुकडा आधी लावा, मग लहान. प्रत्येक थराला रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढा. एका वेळी तीन-चार थरांपेक्षा जास्त नको, फार तापतं. सगळ्यात वर जेलकोट.

आणखी एक चूक टाळा. एपॉक्सीची पुट्टी खड्ड्यात भरून तिच्यावर पॉलिस्टर रेझिन किंवा जेलकोट लावू नका, तो नीट धरत नाही. आधी कुणी अशी पुट्टी भरली असेल तर ती पूर्ण खरवडून काढा.

५. जिवाशी खेळ नको

दुकानात रेझिन, जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखं दिसणारं हार्डनर अशा तीन वस्तू मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडू शकतो, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन मिळतं, सुरुवातीला तेच घ्या.

हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. घासताना धुळीचा मास्क, रेझिन लावताना वाफेचा मास्क. उरलेलं रेझिन डब्यातच तापतं, म्हणून कडक होईपर्यंत डबा बाहेर मोकळ्या जागी ठेवा.

हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के लागतं. डब्यावरची सूचना वाचा आणि वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने ओतू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात रेझिन हातातच घट्ट होतं. काम सकाळी, सावलीत करा आणि थोडं थोडंच कालवा.

६. हिशेब कसा लावायचा?

समजा एका मत्स्य संस्थेने बोलावलं. पॅच 30 बाय 30 सेंटिमीटरचा आहे आणि चार थर लागतात. मॅट सुमारे 160 ग्रॅम. रेझिन तिच्या अडीच पट, म्हणजे 400 ग्रॅम. हार्डनर 1 टक्क्याने 4 ग्रॅम. बघा, माल किती थोडा लागतो! पण तुमच्या फेऱ्या किमान तीन होतात : तपासणी, मॅट, जेलकोट आणि फिनिशिंग. म्हणून दर असा काढा : माल + प्रवास + प्रत्येक फेरीचे तास + पेपर, मास्क, अ‍ॅसिटोन. फक्त मालावर टक्के लावाल तर तोट्यात जाल.

७. नाही कधी म्हणायचं?

इंजिन बसतं ती मागची बाजू हलत असेल, तळाला आडवी लांब चीर असेल किंवा आतलं लाकूड कुजलं असेल, तर काम घेऊ नका. बोट बनवणाऱ्याकडे पाठवा. जे काम घ्याल त्याचे तीन फोटो ठेवा : आधीचा, मॅट लावतानाचा आणि नंतरचा. बोट परत देण्याआधी काठाजवळ उथळ पाण्यात, वाळूची पोती टाकून काही तास ठेवा. आत कोरडं राहिलं, तरच बिल द्या.

८. वर्षभर काम मिळेल का?

खरं सांगतो, नुसत्या बोटींवर घर चालणं कठीण आहे. पण हेच हात फायबरचे कूलर, पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे बंपर आणि शाळेतल्या घसरगुंड्याही दुरुस्त करतात. विदर्भात कूलरला काय तोटा! माल नागपूरला मिळतो, भंडाऱ्याहून साधारण 60 किलोमीटर. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. भांडवल हवं असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं.

पण कर्जाआधी सराव. भंगारातून फुटक्या फायबरचा तुकडा आणा, स्वतः खड्डा पाडा, भरा, वाळल्यावर हातोडीने ठोकून बघा. पॅच सुटला तर पुन्हा करा. भंगारात दहा वेळा चुकलं तरी चालतं, गिऱ्हाइकाच्या बोटीत एकदाही नाही.

चला तर मग, कामाला लागा!