सिग्नलवर चहा उकळला तर

आपल्याकडच्या ५जीची लहर सेकंदाला सुमारे ३५० कोटी वेळा हेलकावते. ३५० कोटी! बसा मोजायला. सेकंदाला एक, जेवण नाही, झोप नाही. त्या एका सेकंदाची मोजणी संपायला १११ वर्षं लागतील, म्हणजे वही नातवाच्या हाती द्यावी लागेल.

आणि धावते किती? सेकंदाला तीन लाख किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर एका सेकंदात दोन हजार फेऱ्या! रोज एक फेरी मारणाऱ्याला तेवढ्यासाठी साडेपाच वर्षं हवीत, आणि यात बोरघाटातली कोंडी धरलेलीच नाही.

आता जरा मागे जाऊ. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरून संगणकाशी बिनतारी बोलणारं ‘अलोहानेट’ सुरू केलं. वेग, सेकंदाला ९,६०० बिट. नियम एकच: ज्याला बोलायचंय त्याने बेधडक बोलावं, दोन संदेश आदळले तर थोडं थांबून पुन्हा बोलावं. आपल्या ग्रामसभेचाच कारभार! गणित म्हणतं, अशा गोंधळात फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. त्या जाळ्यावर तुमचा एका दिवसाचा दीड जीबीचा पॅक उतरवायचा झाला तर? टक्कर झाली नाही तरी साडेचौदा दिवस. टकरा धरल्या तर अडीच महिन्यांहून जास्त. दिवाळीच्या पाडव्याला सुरू करा, संक्रांतीच्या आसपास आटपेल. गंमत म्हणजे, आजचा फोनही टॉवरला पहिली हाक मारतो ती बरीचशी याच पद्धतीने.

पण खरी कमाल पुढेच आहे. रेंज जरा कमी असताना फोनच्या अँटेनाला मिळते किती शक्ती? एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग! पाच वॅटचा झिरोचा बल्ब घ्या आणि त्याची शक्ती अशी वाटत सुटा. ५० लाख कोटी फोनना पुरेल. देशातल्या १४० कोटी माणसांपैकी प्रत्येकाच्या हातात ३५ हजार फोन!

याच शक्तीवर चहाचं आधण ठेवूया. एक कप पाणी, थेंबभर उष्णताही वाया जाऊ द्यायची नाही. उकळी कधी फुटेल? सुमारे १,५०० कोटी वर्षांनी. विश्वाचं वय १,३८० कोटी. महास्फोटाच्या क्षणी गॅस पेटवला असता तरी पाणी अजून उकळलं नसतं. आणि तेवढ्यावर आत्या नागपूरहून व्हिडिओ कॉल करते!

हाही सिग्नल तगडाच म्हणायचा. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-पुणे एकावर एक सुमारे १३३ वेळा रचावं तेवढ्या उंचीवर. तिथून येणारा सिग्नल याच्याही साधारण हजारपट क्षीण. त्यावर चहाला १५ लाख कोटी वर्षं. तरी नकाशातली बाई ठणकावून सांगते, दोनशे मीटरवर डावीकडे वळा.