नातीचा डबा आणि आमची पेरणी

आमच्या घरात एक 'कामून' आहे. 'कामून' म्हणजे आमची नात. ही गोष्ट घडली तेव्हा ती सहा वर्षांची होती. सकाळी डोळे चोळत उठली की पहिला शब्द 'कामून' आणि रात्री गोधडीत शिरतानाही शेवटचा शब्द तोच. "आबा, गाईला वरचे दात कामून न्हाईत?" "आबा, ढग काळा कामून झालाय?" मृग लागला म्हणून पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहत बसलो, तर म्हणते, "वाहन म्हणजे मोटार का? पाऊस मोटारीत बसून येतोय का?"

पोर असे विचारायला लागले की आपण काय करतो? "गप बस, कामाच्या वेळी डोकं खाऊ नको," असे म्हणून मोकळे होतो. मीही तेच करत होतो. पण २०२१ साली कोरोनामुळे शाळा बंद. मोबाइलवरच्या शाळेला आमच्या घरात रेंज नाही. पोरगी दिवसभर माझ्याच मागे. शेवटी ठरवले, हिला उत्तर देण्यापेक्षा हिच्या हाताला काम द्यावे. त्या कामाने आमच्या घरच्या पेरणीचा निकाल लावला, म्हणून शेतकरी बंधूंसाठी हे लिहीत आहे.

आम्ही औसा तालुक्यातले. पाच एकर कोरडवाहू, त्यातले निम्मे रान मुरमाड. खरिपाला सोयाबीन. आदल्या वर्षी, म्हणजे २०२० च्या खरिपात, सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर शेतकऱ्यांच्या तक्रारी झाल्या होत्या. त्यात आम्हीही होतो. तीन एकर मोडून पुन्हा पेरावे लागले. बियाणे गेले, खत गेले, ट्रॅक्टरचे भाडे दोनदा गेले. सोसायटीचे कर्ज मात्र होते तिथेच राहिले. त्यामुळे २०२१ ला मुलगा आधीच धास्तावलेला होता.

शंभर दाणे, एक गोणपाट

२८ मे रोजी घरच्या बियाण्याचे पोते सोडले. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. त्यामुळे प्रमाणित बियाण्यापासून आलेले चांगले सोयाबीन पुढे बियाण्याला वापरता येते, दरवर्षी नवी पिशवी घ्यायलाच पाहिजे असे नाही. मात्र ते उगवते की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

नातीला म्हटले, "शंभरपर्यंत येतंय ना? मग मोज." पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ दाणे काढले. चांगले-वाईट न निवडता तिने दहा-दहाच्या दहा ओळी ओल्या गोणपाटावर मांडल्या. वरून दुसरे ओले गोणपाट टाकून हलक्या हाताने गुंडाळी केली आणि माजघरात सावलीला ठेवली. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडण्याचे काम तिचे. तिसऱ्या दिवशीच तिला गुंडाळी उघडून बघायची होती. आजीने दटावले, "भाकरी तव्यावर असताना सारखी उलथत्यात का?" तेव्हा कुठे थांबली.

सातव्या दिवशी गुंडाळी सोडली. तिने मोजले, मी मोजले. चांगले, सरळ कोंब आलेले दाणे निघाले ६२.

"आन् हे बाकीचे मेले का आबा? कामून मेले?"

प्रश्न बरोबर होता. न उगवलेले ३८ दाणे आम्ही नखाने सोलून पाहिले. काही कुजलेले, तर बऱ्याच दाण्यांचे टरफल तडकलेले. सोयाबीनचे टरफल नाजूक. मळणी यंत्र जोरात फिरवले, पोती उंचावरून आदळली, की दाण्याला आतून मार बसतो. वरून दिसायला दाणा टपोरा, पण कोंब गेलेला. मला आठवले, आमच्याच अंगणात गडी पोती धाडधाड टाकत होते आणि मी खाटेवर बसून बघत होतो.

सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. त्याखाली आली तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे लागते. ३० ला ७० ने गुणायचे आणि आपल्या उगवणीच्या आकड्याने भागायचे. आमच्या ६२ ला एकरी ३४ किलो आले. म्हणजे पाच एकराला २० किलो जास्त. आदल्या वर्षी हे केले असते तर? तो विषय आम्ही घरात काढत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही तपासणी बियाण्याला औषध लावायच्या आधी करावी. औषध चोळलेले बियाणे पोराच्या हाती कधीही देऊ नये.

पावसाचा डबा

मुलगा रोज म्हणायचा, "पाऊस झाला की पेरू." नातीने विचारले, "पावसात पेरू कामून खायचा?" घरभर हसू झाले. पण तिचा पुढचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "पाऊस झाला म्हणजे किती झाला?"

आपण काय सांगतो? 'बैल धुवून निघाले', 'पागोळ्या लागल्या', 'ढेकूळ फुटलं'. पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला पाहिजे, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. तो आकडा आपण ऐकतो आणि पेरतो मात्र आभाळाकडे बघून.

म्हणून डबा केला. दुधाच्या पावडरचा, तोंड आणि बूड सारखे असलेला सरळ डबा घेतला. भिंतीपासून, झाडापासून लांब उघड्यावर विटांवर ठेवला आणि कलंडू नये म्हणून भोवती दगड लावले. आडोसा जेवढा उंच, त्याच्या दुपटीने तरी डबा लांब पाहिजे. मोजायला शाळेची प्लास्टिकची पट्टी. पट्टीच्या टोकाला शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते, ती कापून टाकली, नाहीतर माप चुकते. सरकारी नोंद सकाळी साडेआठला घेतात, म्हणून आम्हीही साडेआठ धरले. पट्टी डब्यात उभी धरायची, पाणी किती मिलिमीटरवर आले ते वहीत लिहायचे आणि डबा रिकामा करून पुन्हा ठेवायचा.

८ जूनला पहिला पाऊस झाला. डब्यात १४ मिलिमीटर. नातीचा लगेच सवाल, "मोठ्या पातेल्यात जास्त पाऊस पडला असंल की!" कारण आदल्या संध्याकाळी तिने आजीचे सरळ काठाचे मोठे पातेलेही अंगणात नेऊन ठेवले होते. पट्टी लावली, तिथेही १४. पाणी जास्त, पण उंची तेवढीच. तोंड मोठे तसे बूडही मोठे. जे पातेल्याचे तेच एकराचे. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १०० लिटर पाणी. एका एकरावर १० मिलिमीटर म्हणजे सुमारे ४० हजार लिटर, दहा हजारी चार टँकर. हे सांगितल्यावर मुलगाही पट्टीकडे नीट बघायला लागला.

१० जूनला ९ आणि १२ जूनला २२. एकूण ४५. १३ तारखेला गावात ट्रॅक्टर फिरायला लागले. शेजारच्या बांधावर तिफण, खालच्या रानात पेरणी यंत्र, आणि आमचे पोते ओसरीत. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विचारी, "का हो, पेरायचं न्हाई का यंदा?" मुलाचे जेवण कमी झाले. सूनबाई कुणाशी बोलेना. मी वहीतला आकडा दाखवी, तर तो म्हणे, "आबा, वाफसा गेल्यावर तुमची वही पेरायची का?" त्याचेही चूक नव्हते. पाऊस लागून राहिला असता, तर आधी पेरणारा शहाणा ठरला असता. असेही मी पुष्कळदा पाहिले आहे.

१५ जूनची नोंद

१५ जूनला साडेआठ वाजता डब्याशी गेलो, तर डब्यात ३३ मिलिमीटर! मी चक्रावलो. रात्री आभाळ मोकळे होते. अंगणातली धूळ पायाला लागत होती. नात माझ्या धोतराचा सोगा धरून खाली मान घालून उभी.

"पाऊस कधी आला ग?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पप्पा रोज म्हणत्यात, डबा भरला की पेरू. म्हणून म्या भरला."

हात उचलावा असे एकदा वाटले, खोटे कशाला बोलू? पण पोरीच्या मनात खोट नव्हती. बापाचे उतरलेले तोंड तिला बघवत नव्हते. मी खुरपे घेतले, तिला कडेवर घेतले आणि रानात गेलो. "उकर," म्हटले. चार बोटे माती ओली निघाली. त्याच्या खाली कोरडी, पांढरट, खुरप्याला खडखड वाजणारी.

"डब्यात पाणी हाय, पण जमिनीला मिळालं का?" मी विचारले. तिने मान हलवली. "मग बी ह्यात टाकलं तर?"

"गोणपाटातल्यावानी मरंल," ती म्हणाली.

तोवर मुलगा आमच्या मागे येऊन उभा होता. त्याने स्वतः खुरपे घेऊन तीन ठिकाणी उकरून पाहिले आणि काही न बोलता घरी गेला. त्या दिवसापासून ट्रॅक्टरचे नाव निघाले नाही.

पुढचा पाऊस थेट २१ जूनला, आर्द्रा लागायच्या तोंडावर आला. ३८ मिलिमीटर. एकूण ८३. घातीवर पेरले, एकरी ३४ किलोने. मधल्या आठ-नऊ दिवसांच्या उघडिपीत आधी पेरलेल्यांपैकी भारी काळ्या रानाचे निभावले, पण मुरमाड रानात बी फुगून जागीच वाळले. बऱ्याच जणांना दुबार पेरावे लागले. आमचे मुरमाड रान त्यांच्या रानाला लागूनच आहे. त्या वर्षी आमचे काय वाचले, हे सांगायला हिशेबाची गरज नाही.

गावाने काय करावे

सरकारी मदतीच्या वेळी महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा धरतात. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. तिथे घरची वही चालत नाही, हे मला माहीत आहे. पण मंडळात पडला तेवढाच पाऊस शिवारात पडतो असेही नाही. एका बांधावर धो-धो आणि दुसऱ्यावर ऊन, हे आपण रोजच बघतो. मदत त्या आकड्यावर मिळो वा न मिळो, पेरणी तर आपल्या रानात करायची असते. त्यासाठी आकडाही आपल्या रानाचा पाहिजे.

तलाठी आणि ग्रामसेवक यांची पदनामे आता कागदावर बदलली आहेत, पण गावात अजून याच नावाने त्यांना हाक मारतात. त्यांना आणि गुरुजींना एक विनंती आहे. शाळेच्या मैदानात एक पर्जन्यमापक बसवावा. रोज साडेआठला पोरांनीच माप घ्यावे आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकडा लिहावा. मे महिन्यात प्रत्येक पोराने घरच्या बियाण्याचे शंभर दाणे गोणपाटात घालावेत. यात खर्च नाही. पोरांचा अभ्यास होतो आणि बापाचे बियाणे वाचते. मात्र डबा कुणी भरू नये. पोराने भरला तर समजावता येते. मोठ्या माणसाने बसल्या जागी आकडा भरला, तर खुरपे घेऊन त्याच्या मागे कोण जाणार?

ती वही अजून आमच्या देवळीत आहे. १५ जूनच्या ओळीत नातीने आधी ३३ लिहिले होते. रानातून आल्यावर तिने ते स्वतःच खोडले आणि शेजारी मोठे, वाकडे शून्य काढले.