दवाखान्यात रोग्याला कसे ठेवावे?



उसाच्या पानात हा विषय कुठून आला, असे काहींना वाटेल. पण २० फेब्रुवारी २०२४ ची रात्र आपल्या लोणार तालुक्यात कोणी विसरलेले नाही. सोमठाण्याच्या हरिनाम सप्ताहात प्रसादातून शेकडो माणसांना विषबाधा झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. रोगी बाहेर उघड्यावर झोपवले, झाडांना दोर बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या. अशा वेळी डॉक्टर मोजके असतात. रोग्याजवळ बसतो तो आपलाच माणूस. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात.

१) उलट्या होणारा किंवा गुंगीतला रोगी उताणा ठेवू नये. जीभ मागे पडते, उलटी श्वासनळीत जाते आणि माणूस गुदमरतो. त्याला कुशीवर वळवावे, वरचा गुडघा पुढे वाकवावा, तोंड जरा खाली कलते ठेवावे. बेणे लावताना आपण डोळे बाजूला ठेवतो. डोळा खाली गेला की कोंबाला वर यायला कष्ट पडतात. माणसाचेही तसेच, ठेवण चुकली की श्वास अडतो. गुंगीत पाणी मुळीच पाजू नये.

२) सलाईनची बाटली हातापेक्षा साधारण तीन फूट उंच हवी. पाटाच्या पाण्यासारखे तेही उतारानेच उतरते. रोगी हलवताना बाटली खाली आली, तर नळीत रक्त उलटे चढते. सुई कोपराजवळ असेल तर हात सरळ ठेवावा.

३) चक्कर येऊन हातपाय गार पडले, पण रोगी शुद्धीवर आहे, तर आडवे करून पाय फूटभर उंच करावेत. धाप लागली असेल किंवा छातीत दुखत असेल तर मात्र आडवे करू नये. पाठीला टेका देऊन बसते ठेवावे.

४) दिवस भरत आलेल्या बाईला उताणी झोपवू नये. गर्भाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब उतरतो. डावी कूस बरी.

५) उसाच्या ट्रॉलीवरून पडलेल्याला हातपाय धरून उचलू नये. कण्याला मार असेल तर कायमचे लुळेपण येते. १०८ ला फोन करावा. हलवणे भागच पडले, तर चौघांनी मिळून डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे.

६) तपासणीच्या टेबलावरून एकदम उठू नये. आधी कुशीवर व्हावे, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसावे. एक्स-रेच्या आधी बाईने दिवस गेल्याचे न लाजता सांगावे. कुठे दुखते, कुठला सांधा वळत नाही, तेही सांगावे. माहीत नसताना ओढाताण झाली तर इजा होते.

डॉक्टर सांगतील ते अखेरचे. पण डॉक्टर पोचेपर्यंतची दहा मिनिटे आपल्या हातात असतात. हे पान घरातल्या मंडळींना वाचून दाखवावे, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी