गाजर गवताची शेजाऱ्यांवर कुरघोडी

गाजर गवताने एखादी पडीक जागा धरली की तिथे दुसरं काही सहसा वर येत नाही. याचं कारण केवळ दाटी नव्हे. मूळच्या अमेरिकेतल्या आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदल्या गेलेल्या या तणाच्या पानांवर बारीक लव असते. त्या लवेत पार्थेनिन नावाचं कडू रसायन साठतं. पावसाच्या पाण्याबरोबर आणि कुजणाऱ्या पाल्यातून ते मातीत उतरतं. जोडीला फेरुलिक, व्हॅनिलिक अशी आम्लंही असतात. शेजारचं बी पाणी पिऊन फुगतं, पण कोवळ्या मुळाच्या टोकाशी पेशींची वाढ मंदावते. मूळ आखूड राहतं आणि पुष्कळदा रोप वर येण्याआधीच मरतं.

अर्थात मातीतले जीवाणू ही रसायनं मोडत असतात, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या बशीत दिसतो तेवढा परिणाम शेतात दर वेळी दिसत नाही.

हेच अस्त्र या तणावर उलटवताही येतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. टाकळ्याच्या कुळातल्या काही झाडांचा अर्क गाजर गवताची उगवण रोखतो. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर मोकळ्या जागेत टाकळ्याचं बी टाका, आणि गाजर गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.