पैशाचें शिक्षण : घरीं कीं शाळेंत?

मुलांना पैशाचा व्यवहार घरानें शिकवावा कीं शाळेनें, हा वाद अलीकडे वारंवार ऐकूं येतो. ‘हें आईबापांचें काम आहे’ असें म्हणणारांत आमचे व्यापारी मित्र पुष्कळ आहेत, व त्यांचें म्हणणें त्यांच्यापुरतें खरेंही आहे. दुकानदाराचा मुलगा बापाशेजारीं गादीवर बसून जमाखर्च, उधारी व व्याज हीं न शिकवितां शिकतो. परंतु ज्याच्या घरीं गादी नाहीं, वही नाहीं, आणि व्याज म्हणजे केवळ दुसऱ्यास द्यावयाची वस्तु, त्या मुलानें कोणाशेजारीं बसावें?

हा प्रश्न नवा नाहीं. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, आणि तो दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनीं जाळले. कापसाचे उतरलेले भाव व वाढलेला सारा हीं कारणें खरींच. परंतु ज्या कागदानें आपण बांधले गेलों तोच आपल्यास वाचतां येत नाहीं, ह्या असहायतेचाही त्यांत वांटा होता. पुढें १८७९ सालच्या कायद्यानें शेतकऱ्याचे रोखे गांवच्या निबंधकासमोर लिहिले जावेत असें ठरवावें लागलें.

आज कागदाची जागा मोबाइलनें घेतली आहे. अंगठा पूर्वीं शाईंत बुडवावा लागे. आतां तो पडद्यावर टेकला कीं कर्ज मंजूर! अटी तेव्हांही कोणी वाचीत नसे, आतांही वाचीत नाहीं. ‘दरमहा तीन टक्के’ ऐकून मनुष्य वर्षाचे छत्तीस धरतो. पण हप्ता न भरतां व्याज मुदलांत चढत गेलें, तर दहा हजारांचे वर्षाअखेर सुमारें १४,२५८ रुपये होतात. म्हणजे व्याज बेचाळीस टक्क्यांहून अधिक. चक्रवाढ व्याज शाळेंत शिकवितातच, पण तेथील कर्जदार पुस्तकांतला असतो. शिक्षकानें खरा कर्जाचा करार व विजेचें बिल वर्गांत वाचून दाखविलें, तर तेंच गणित जिवंत होईल.

म्हणून घर टळत नाहीं. रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं दहा वर्षांवरील मुलांस बचतखातें स्वतः चालवूं देण्याची मुभा बँकांना दिली. परंतु किती घरांत मुलांच्या, त्यांतही मुलींच्या, हातीं महिन्याच्या खर्चाची वही दिली जाते? डोक्यावरील कर्ज मुलांपासून लपविणें ह्यासच आपण माया समजतों.

आमचें मत स्पष्ट आहे. हिशेब शाळेनें शिकवावा, वही घरानें उघडावी. केवळ घरावर विसंबलों, तर ज्यांस हें ज्ञान आहे त्यांच्याच घरीं तें राहील. आणि ज्यांस नाहीं, त्यांचीं मुलें न वाचलेल्या करारावर अंगठा टेकीतच राहतील.