विश्लेषण : डीएसएलआर खरेच बिघडला, की नुसता मळला?

लग्नसराई सुरू झाली की मोशी, चाकण, तळेगाव पट्ट्यातल्या लॉन्सवर आणि मंगल कार्यालयांत डीएसएलआर कॅमेरे पहाटेच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत चालतात. ज्येष्ठात तेच कॅमेरे देहू-आळंदीला पालखीत भिजतात आणि एरवी एखाद्या कंपनीच्या शेडमध्ये नव्या मशीनचे फोटो काढत असतात. ऐन मुहूर्ताला पडद्यावर ‘एरर’ उमटली, तर फोटोग्राफरसाठी अंतरपाट पुन्हा कोणी धरत नाही.

नवा घ्यावा, तर २०२० नंतर कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी एकही नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. भर सगळा मिररलेसवर आहे. त्यामुळे हातातला कॅमेरा टिकवणे आणि नेमके काय बिघडले आहे ते ओळखणे, हा अनेकांच्या धंद्याचा प्रश्न झाला आहे. बऱ्याच तक्रारींचे मूळ धूळ, दमट हवा, सैल बसलेली लेन्स किंवा चुकीचे सेटिंग यात सापडते.

आधी आरसा समजून घ्या

लेन्समधून आलेला उजेड डीएसएलआरमध्ये आरशावर पडतो आणि तिथून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. बटण दाबताच आरसा उचलला जातो, शटर उघडते आणि तोच उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. डोळ्याला दिसणारे चित्र आणि उमटणारा फोटो यांच्या वाटा अशा वेगळ्या आहेत. बिघाड शोधताना याचाच उपयोग होतो.

व्ह्यूफाइंडरमध्ये कचरा दिसतो, पण फोटो स्वच्छ येतो? मग काळजी नको, तो कचरा आरशावर किंवा वरच्या काचेवर आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळे धूसर, पण फोटो तीक्ष्ण? शेजारचे चष्म्याच्या नंबराचे छोटे चाक बॅगेत घासून फिरले असेल.

उलट, व्ह्यूफाइंडरमधून फोकस केलेले फोटो सतत मऊ येत असतील, तर ट्रायपॉडवर कॅमेरा लावून तीच वस्तू लाइव्ह व्ह्यूमध्ये टिपा. लाइव्ह व्ह्यूमध्ये तीक्ष्ण आणि व्ह्यूफाइंडरमधून मऊ, असा फरक आला तर लेन्सची काच ठीक आहे, फोकसचा मेळ सरकला आहे. महागड्या मॉडेलांत तो मेनूतून जुळवता येतो, साध्या मॉडेलांत सर्व्हिस सेंटरलाच. त्याआधी लेन्सवरचा एएफ-एमएफ खटका मात्र बघा. तो ‘एमएफ’वर सरकलेला असणे हा ‘बिघाड’ सगळ्यात जास्त वेळा भेटतो.

फोटोत काळे ठिपके कुठून येतात?

आकाशात किंवा नवरीच्या मागच्या पांढऱ्या पडद्यावर, प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका येत असेल तर धूळ सेन्सरवर आहे. खात्रीसाठी अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. ठिपके उठून दिसतील. सेन्सरवर चित्र उलटे पडते, म्हणून फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो.

चाकण-तळेगाव रस्त्यावरची धूळ ज्यांनी अंगावर घेतली आहे, त्यांना लेन्स उघड्यावर बदलू नका हे वेगळे सांगायला नको. बदलावीच लागली तर कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे ठेवा. कॅनन १५००डी वापरणाऱ्यांनी जरा जास्तच जपावे, कारण या मॉडेलमध्ये सेन्सर आपोआप झटकण्याची सोय नाही.

सफाईसाठी मेनूतून आरसा वर उचलायचा, तोंड खाली धरायचे आणि हातात दाबायच्या रबरी ब्लोअरने हवा मारायची. बॅटरी मात्र पूर्ण भरलेली हवी. मध्येच संपली तर आरसा खाली येतो. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे कण जातात. आणि भोसरी-चाकणमध्ये हमखास सुचणारा उपाय म्हणजे वर्कशॉपमधली कॉम्प्रेसरची एअर गन. ती अजिबात वापरू नका. त्या लाइनमध्ये सहा-सात बारचा दाब असतो आणि हवेसोबत तेल आणि पाणी येते. शटरची पाती कागदासारखी नाजूक असतात. ब्लोअरने न जाणारा डाग चिकट आहे, तो जाणकाराकडूनच काढून घ्यावा.

प्रत्येक डाग वापरणाऱ्याच्याच माथी मारता येत नाही. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६०० मध्ये सेन्सरवर वारंवार डाग पडत. अखेर २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्यांनाही मोफत तपासणी आणि शटर बदलून देण्याची तयारी दाखवली. जुन्या बाजारात हे मॉडेल स्वस्तात दिसले, तर पांढऱ्या भिंतीची चाचणी तिथेच करा.

पडद्यावर ‘एरर’ आली तर?

कॅननवर ‘एरर ०१’ म्हणजे लेन्स आणि बॉडी यांचा संवाद तुटला. लेन्स काढा, सोनेरी टोके कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत फिरवा. खोडरबर किंवा पॉलिश पेपर नको, सोनेरी थर खरवडला जातो. दुसरी लेन्स लावून एरर गेली तर दोष पहिल्या लेन्समध्ये आहे.

इथे एक उपयोगी युक्ती आहे. अ‍ॅपर्चर सर्वांत मोठे ठेवले की फोटो निघतो, एफ/८ केले की एरर येते, असे झाल्यास लेन्सच्या आतली अ‍ॅपर्चरची पाती किंवा त्यांची पट्टीसारखी केबल गेली आहे. मोठ्या अ‍ॅपर्चरला पाती हलवावी लागत नाहीत, म्हणून त्यावर तो दिवस निभावून नेता येतो. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी.

०२ आणि ०४ हे आकडे मेमरी कार्डचे. ०५ आला तर वरचा फ्लॅश उचलला जात नाही, बहुतेकदा हात किंवा पट्टा आड येतो. २०, ३०, ८०, ९९ यांवर कॅमेरा बंद करून बॅटरी काढा, थोड्या वेळाने घाला. तोच आकडा परत आला की काम सर्व्हिस सेंटरचे. निकॉनवर ‘एफ’पुढे दोन आडव्या रेघा म्हणजे लेन्स नीट बसलेली नाही. ‘एफ-ई-ई’ म्हणजे जुन्या लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग सर्वांत लहान अ‍ॅपर्चरवर फिरवलेली नाही.

हॉलमधल्या फोटोंवर पट्टे का येतात?

कॅमेरा इथे बहुधा निर्दोष असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५०० ठेवले की त्या चढउताराचा एखादाच तुकडा पकडला जातो. मग एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, तिसऱ्यावर पट्टा. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. व्हिडिओ सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवरच घ्या. ३० किंवा ६० वर पट्टे सरकताना दिसतात. २०१४ च्या कॅनन ७डी मार्क २ पासून काही मॉडेलांत दिव्याच्या उजळ क्षणाची वाट पाहून शटर सोडण्याची सोय आली. स्टेजमागच्या एलईडी वॉलचा हिशेब मात्र वेगळा, तिथे शटर थोडे-थोडे कमी करत बघण्याला पर्याय नाही.

पाऊस, एसी आणि बुरशी

एसी कॉन्फरन्स रूममधून थेट दमट शेडमध्ये गेलात की लेन्सवर बाष्प धरते. पुसत बसू नका, आतही ते असते. बाहेर पडण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करून अर्धा तास तसाच ठेवा. पालखीत भिजला तर लगेच बंद करा, बॅटरी काढा, पंख्याखाली वाळू द्या. हेअर ड्रायर नको आणि तांदळाचा डबाही नको, पीठ आत जाते.

खरे नुकसान बुरशी करते. कपाटात महिनोन्‌महिने बंद पडलेली बॅग म्हणजे तिचे माहेरघर. जाळी काचेवरच्या थरात उतरली की सफाईनंतरही खूण राहते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि निळे दाणे गुलाबी झाले की बदला. कपाटात कापूर किंवा डांबरगोळ्या असतील तर कॅमेरा दुसरीकडे हलवा, त्यांची वाफ कॅमेऱ्याला बाधते.

कार्डावरचे फोटो गायब झाले तर त्यावर पुढे एकही फोटो काढू नका, परत मिळवण्याची शक्यता तेवढीच उरते. कार्ड ‘लॉक’ दाखवत असेल तर कडेचा खटका वर सरकवा.

दुरुस्तीला देताना ‘चालत नाही’ एवढेच सांगू नका. एररचा आकडा, ती कोणत्या लेन्सवर आणि कोणत्या अ‍ॅपर्चरला येते, हे कागदावर लिहा आणि डाग दिसणारा पांढऱ्या भिंतीचा फोटो सोबत द्या. कार्ड काढून घ्या, बॉडीचा सिरीयल नंबर पावतीवर लिहून घ्या आणि खर्चाचा अंदाज कळल्याशिवाय काम सुरू करू नका, असेही सांगा.