बयाणा देताय? आधी दहा टक्क्यांची रेघ बघा



आपण दुकानदार मालाचं बिल तीनदा तपासतो. नगामागे दोन रुपये जास्त लागले की लगेच डीलरला फोन. आणि घर घेताना? साइटवर गेलो, चहा झाला, "भाऊ, या लाइनीत दोनच उरलेत" असं ऐकलं की चेकबुक बाहेर. मीही हेच केलंय, म्हणून आज जरा मोकळेपणानं बोलतो.

२०२१ चा दसरा. वर्ध्याजवळ बारा डुप्लेक्सची एक स्कीम निघाली होती. किंमत २८ लाख. मुहूर्त म्हणून ५१,००० टोकन दिलं. पंधरा दिवसांत फोन आला, "फाउंडेशन घेतोय, साडेचार लाख करून द्या, रेट फिक्स करतो." साडेतीन लाख चेकनं दिले, एक लाख रोख. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर इसारपत्र झालं, नोटरीचा शिक्का बसला. तो गोल शिक्का बघून मला वाटलं, काम पक्कं झालं. रेरा नंबर विचारला तर म्हणाले, "प्रोसेसमध्ये आहे."

आता हिशोब करा. ५,०१,००० म्हणजे किमतीच्या जवळपास १८ टक्के. आणि तो पैसा कुठला? दुकानाचा. माझं इलेक्ट्रिकलचं दुकान. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीतच कूलरचा माल भरावा लागतो, विदर्भाचा उन्हाळा काही आपल्यासाठी थांबत नाही. त्या वर्षी माल भरायला पैसा नव्हता. साइटवर मात्र खड्डे खोदून ठेवले होते, त्यापुढे काही नाही. एप्रिलमध्ये गिऱ्हाईक दारातून परत जात होतं आणि माझे पाच लाख त्या खड्ड्यात.

तेव्हा एक गोष्ट माहीत असती तर वाचलो असतो. रेरा कायद्याचं कलम १३ सांगतं की लेखी विक्री करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरनं घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायचीच नाही. टोकन म्हणा, बयाणा म्हणा, अर्ज फी म्हणा, सगळं मिळून १० टक्के. माझ्या घरासाठी ती रेघ होती २,८०,००० ची. "नोंदवून" हा शब्द नीट वाचा. नोंदवणं म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन दस्त रजिस्टर करणं. नोटरी फक्त सही कोणी केली ते बघतो. नोटरी केलेलं इसारपत्र म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. आपल्या बाजारात बहुतेक लोक इथंच फसतात.

बिल्डरचं ठरलेलं वाक्य असतं, "आत्ता कशाला स्टॅम्प ड्युटी भरता, विक्रीपत्राच्या वेळी एकदाच भरू." ऐकायला फायद्याचं वाटतं. पण करारावर भरलेली ड्युटी पुढं विक्रीपत्रात वळती होते, आणि नोंदणी फी १ टक्का, तीही जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे तुमचं फार काही वाचत नाही. वाचतो तो बिल्डर, कारण नोंदलेल्या करारात ताबा द्यायची तारीख लिहावी लागते. ती चुकली तर कलम १८ खाली तुम्ही पैसे व्याजासकट परत मागू शकता. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वात वरच्या एमसीएलआरवर आणखी २ टक्के असं धरतात.

१० टक्क्यांच्या आत पैसे देऊन मन बदललं तर? कर्ज नामंजूर झालं, घरात आजारपण आलं, काहीही होऊ शकतं. यासाठी महारेरानं २०२२ मध्ये अलॉटमेंट लेटरचा नमुना ठरवून दिलाय. त्यानुसार १५ दिवसांत रद्द केलं तर कपात शून्य. १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. २८ लाखांच्या घराला सगळ्यात जास्त कपात ५६,००० ची. "टोकन नॉन-रिफंडेबल आहे" असं कोणी तोंडी म्हणालं, तर शांतपणे म्हणा, "अलॉटमेंट लेटर द्या, वाचून सांगतो." आणि कर्ज मंजूर झालं नाही तर पूर्ण रक्कम परत, ही ओळ त्यात घालून घ्या. मागितल्याशिवाय ती कोणी घालत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा घोळ. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, कुठंही बघा, चार-सहा डुप्लेक्सच्या छोट्या स्कीम जास्त. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंत असतील, तर रेरा नोंदणी लागत नाही. म्हणजे तिथं महारेराच्या साइटवर शोधून काही सापडणार नाही, आणि त्यात बिल्डरचा दोषही नाही. पण मग तुमची जबाबदारी दुप्पट. वकिलाकडून सातबारा आणि सर्च रिपोर्ट काढून घ्या, जमीन अकृषक आहे का बघा, नकाशा कोणी मंजूर केला ते बघा, आणि करार नोंदवूनच मोठी रक्कम सोडा. दोन-तीन हजार वाचवायला वकील टाळणारे मी खूप पाहिलेत. माझी बारा घरांची स्कीम मात्र नोंदणीत बसणारीच होती. नंबर आल्याशिवाय तिचं बुकिंग घेणंच बेकायदा होतं. "प्रोसेसमध्ये आहे" याचा अर्थ "आत्ता पैसे घ्यायला परवानगी नाही" एवढाच.

रोख रकमेबद्दलही ऐका, कारण आपल्या गल्ल्यात रोख असते. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीनं घेणं २०१५ पासून आयकर कायद्यात बंद आहे. दंड घेणाऱ्याला, घेतली तेवढ्याच रकमेचा. म्हणूनच रोखीची पावती देताना समोरच्याचा हात थरथरतो. पावती नाही म्हणजे तुमच्याकडे पुरावा नाही.

माझं काय झालं? मध्यस्थ घातले, चकरा मारल्या, चौदा महिन्यांनी चार लाख परत आले. व्याज नाही. रोख दिलेल्या लाखाबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "पावती दाखवा." महारेराकडे तक्रार करता येते हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

मागच्या वर्षी दुसरं घर बघितलं. ५१ हजाराचा चेक दिला, त्याच दिवशी अलॉटमेंट लेटर घेतलं, बाविसाव्या दिवशी करार रजिस्टर केला आणि मगच पुढचा हप्ता सोडला. हप्त्याचा पैसा दुकानाच्या खात्यातून नाही, वेगळ्या आरडीतून. कूलरचा माल जानेवारीतच भरून झाला होता.